उत्तर येत असेल तरच हात वर

किस्से आणि वाळत घातलेली सुकट, दोन्ही झाकून ठेवता येत नाहीत. वास सुटतोच. आमच्या रविवारच्या वर्गाचे तर इतके साठलेत, की काढल्याशिवाय चैन नाही.

नव्वदच्या आगेमागे पनवेलच्या काही रिटायर्ड मंडळींना वाटलं, उरणकडची कोळ्यांची पोरं कॉलेजात टिकत नाहीत, त्यांना 'तयार' करूया. मी नुकताच अकरावी सायन्स सोडून बसलो होतो. मला ठेवलं सतरंज्या घालायला, आणि पोरांना दाखवायला: "असं होऊ नका!"

मीही थांबलो. कॉलेजसाठी तयार म्हणजे नक्की काय तयार, हे मलाही बघायचं होतं.

*

वर्ग घ्यायचे एक रिटायर्ड हेडमास्तर. आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो. त्यांचा पहिला नियम: "उत्तर येत असेल तरच हात वर!"

नसेल येत तर?

"गप्प बसायचं. विचारत बसणं कॉलेजात शोभत नाही."

पोरं इतकी आज्ञाधारक, की दोन रविवार एकही हात वर झाला नाही. सर खूश. "बघा, शिस्त लागली!"

*

सर म्हणाले, "पहाटे उठून अभ्यास करा."

उरणजवळच्या करंजा गावची मंजुळा रोज आईबरोबर मासळीच्या लिलावाला जायची. म्हणाली, "पाटे बोटी लागतात, सर."

"मग संध्याकाळी."

"सांजंला मासली निवडतो."

"अगं, मग अभ्यास करतेस तरी कधी?"

"तुमी बोलायचं थांबलात का!"

*

एक बाई भाषा सुधारायला यायच्या. "आमी नाय, आम्ही. नाय नाही, नाही!" पोरं तासभर घोकायची.

शेवटी मंजुळानं विचारलं, "बाई, येवढं बोलून फिजिक्स येतं?"

बाई पुढच्या रविवारी आल्या नाहीत.

*

माझ्याबद्दल सर पाहुण्यांना सांगायचे, "पोरात धमकच नव्हती."

मला दहावीला मराठी मिडियममधून फर्स्ट क्लास. अकरावीत बसलो तर सगळं इंग्रजीत! धमक कुठं लावायची?

एकदा विचारलंच, "सर, तुमची मुलं कुठल्या मिडियमला होती?"

"विषय बदलू नकोस!"

*

मंजुळाला सायन्सला अॅडमिशन मिळाली. बाप म्हणाला, "दिवालीपर्यंत बगू. नाय जमला तर ये धक्क्यावर."

गणपतीनंतर ती मला पनवेलच्या स्टँडवर भेटली. सोबत आई, रिकामी टोपली घेऊन. "काय बी कलत नाय रे. सोडून देते."

"विचारत का नाहीस?"

"उत्तर कुठं येतं? हात कसा वर करू?"

आई भडकली. "लिलावाला हात खाली ठेवलास तं टोपली रिकामीच येल! मास्तरला काय ठाव!"

सोमवारी केमिस्ट्रीच्या तासाला मंजुळानं हात वर केला.

"हं, सांग उत्तर," प्रोफेसर म्हणाले.

"उत्तर नाय येत, सर. तुमी काय बोललात तेच नाय कललं."

प्रोफेसरांनी खडू खाली ठेवला. "आणखी कुणाला?"

अर्ध्या वर्गाचे हात वर. त्यात पनवेलची इंग्लिश मिडियमवालीही!

प्रोफेसर तोच तास पुन्हा, मराठीतून शिकवू लागले. दिवाळी गेली. बापानं धक्क्याचं नाव काढलं नाही.

*

सरांनी लगेच मंजुळाचा सत्कार ठेवला. "हे आपल्या शिस्तीचं फळ!" नारळ दिला, तासभर बोलले आणि सवयीनं म्हणाले, "काही शंका?"

सगळे हात वर! माझासुद्धा, दाराशी उभ्या उभ्या.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझं काय आता?"

"सर, अकरावीला परत घेतात का?"

सरांनी चष्मा पुन्हा काढला, पुन्हा पुसायला घेतला.

नारळ मांडीवर घेऊन बसलेली मंजुळा म्हणाली, "सर, नसंल येत तर तुमी पन हात वर करा की!"