मुहूर्ताचा नारळ

"गजाननभाऊ, औंदा मुहूर्ताचा नारळ पाउलोसाहेबाले फोडू देऊ. पेपरात फोटो येईन," शेठ म्हणाले.

"हाव, शेठ," मी म्हणालो. माझ्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर ओव्याचा इलाज नव्हता.

मी खामगावच्या एका जिनिंगमध्ये फोरमन आहे. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायची आणि प्रेसमध्ये दाबून गाठी बांधायच्या. सीझनच्या पहिल्या दिवशी प्रेससमोर नारळ फुटतो. वर्षभर मशीनच्या पोटात हात घालतो तो फोरमन, म्हणून आमच्याकडे तो मान फोरमनचा. मला दुसरा कुठलाच मान नाही, घरीसुद्धा.

पाउलो ब्राझीलचा इंजिनिअर. नवीन प्रेस बसवायला उन्हाळ्यात आला आणि सीझन सुरू होईपर्यंत राहिला. पहिल्याच दिवशी मोडक्या हिंदीत म्हणाला, "इथे माझं काय चुकू शकतं, ते आधीच सांगा." मी सांगितलं. मशीनला पाय लागला तर नमस्कार करायचा. जेवायचं उजव्या हाताने. कोणाच्या घरी चहाला नाही म्हणायचं नाही.

गडी सगळं शिकला. बूट प्रेसला लागला की मशीनला हात लावून कपाळाला न्यायचा. रुईतला कचरा वेचणाऱ्या कमलबाई म्हणायच्या, "किती गुणाचा माणूस हाय हो!" त्याच्यासाठी घरून ठेचा-भाकर आणायच्या. मी उभा जन्म इथल्या मशीनला नमस्कार करतोय, मला कोणी लोणच्याची फोड दिली नाही. नव्याचे नऊ दिवस म्हणून गप्प बसलो. याचे नऊ संपेचनात.

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नाही. नारळाचा मान कोणाचा, ती. स्वतःचा मान मागून घेऊ? त्यापेक्षा फोडू दे, लोकच कुजबुजतील, असं मनात म्हटलं.

मुहूर्ताला प्रेसला हार घातला. कापसाची पहिली गाडी आली. शेठनी नारळ पुढे केला. पाउलोने तो घेतला आणि थांबला.

"शेठ, ऑफिसच्या भिंतीवर दरवर्षीचे फोटो आहेत. सगळ्यांत नारळ गजाननभाऊंच्या हातात आहे." मग माझ्याकडे वळला. "मी फोडला तर चूक होईल ना?"

शेठ खाली बघू लागले. सगळी जिनिंग माझ्याकडे बघत होती.

"होईल," मी म्हणालो.

त्याने नारळ माझ्या हातात दिला आणि हात जोडले. मी इतक्या रागाने आपटला की एका दणक्यात दोन भकलं झाली. टाळ्या कडाडल्या. मी मान वर केली, तर सगळे पाउलोकडे बघून वाजवत होते. कमलबाईंनी डोळ्यांना पदर लावला होता. पेपरात फोटो आला तोही त्याचाच, हात जोडलेला. कोपऱ्यात माझं कोपर होतं.

परक्या मुलखात जाणाऱ्यांनी नियम विचारावेतच, पण भिंतीवरचे फोटोही बघावेत. आणि माझ्यासारख्यांनी एवढं समजून घ्यावं, की मान परत मिळतो, टाळ्या मिळतीलच असं नाही.