वर न गेलेली गाणी

माझा बाप माणूस भला, पण एक खोड भारी. वस्तू कोणाला द्यायची म्हटलं की आधी घासूनपुसून लख्ख करायची. शेजारणीची वाटी परत करायची असो की जुनी सायकल भाच्याला द्यायची असो, त्यावर आपल्या घरचा डाग राहिलेला त्यांना खपत नाही. हिंगणघाटला जिनिंगमध्ये गोडाउन सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कापसाच्या गाठी आत लागल्या की बाहेरचं आवार झाडून साफ, एक बोंड दिसायला नको. तीच शिस्त त्यांनी मायच्या मोबाइलला लावली.

माय गेल्या वर्षी पोळ्यानंतर गेली. त्याच्या आदल्या वर्षी भुलाबाईच्या दिवसांत मी सेलूहून माहेरी आले होते. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या गल्लीतल्या पोरी रोज संध्याकाळी मायच्या ओट्यावर जमायच्या, कारण भुलाबाईची सगळी गाणी तिलाच यायची. त्या वर्षी एकही पोरगी आली नाही. कोणाची ट्यूशन, कोणाची परीक्षा, कोणाला लाज. माय दोन-तीन दिवस दाराकडे बघत बसली आणि मग भडकलीच.

"नाई येत तं नका येऊ! मी काय भिंतीले शिकवू?"

मी तिच्या मोबाइलमधला रेकॉर्डर उघडून दिला. लाल बटण दाबायचं, गायचं, पुन्हा दाबायचं. एवढं तिला लगेच जमलं. मग रोज स्वयंपाक आटोपला की ती मागच्या अंगणात खाटेवर बसून एकेक गाणं भरायची. मध्येच खोकायची, मध्येच "थांब वो, दूध उतू जाऊन राह्यलं" म्हणत पळायची. बाबांनी तोंड घातलं की त्यांच्यावर डाफरायची, "मधात काऊन बोलून राह्यले? आवाज भरते ना तुमचा!" ते सगळं त्यात भरलं गेलं होतं. बाबा म्हणायचे, गाण्यापेक्षा मले शिव्याच जास्त हायेत याच्यात.

आमच्यात बाई गेली की तिच्या वापरातल्या वस्तू तेरवीला तिच्या बहिणीला देतात. वडनेरच्या मावशीला माझ्या मायचं लुगडं, पितळेचा डबा आणि मोबाइल द्यायचं ठरलं. डबा बाबांनी चिंचेने घासला. मोबाइल घेऊन ते चौकातल्या दुकानात गेले आणि म्हणाले, हा साफ करून दे. दुकानदाराने विचारलं, काका, यातलं काही ठेवायचं आहे काय? बाबा म्हणाले, सगळंच ठेवाचं हाय. मग त्याने मायचं खातं बाबांच्या मोबाइलमध्ये टाकून दाखवलं. मायचे फोटो एकामागून एक यायला लागले. "पाहा काका, सगळं क्लाउडवर आहे. आता इथलं पुसू?" बाबांनी पाहिलं, गाठी आत लागल्या. आता आवार झाडायला हरकत नाही. पूस म्हणाले.

घरी येऊन त्यांनी मला समाधानाने सांगितलं, "तुह्या मायचा सारा माल गोडाउनात लागला. फोन एकदम कोरा करून आणला." मी तेव्हा तेरवीच्या पुऱ्या तळत होते, घर माणसांनी भरलेलं. कोणाचं काय चाललंय याचं भान कोणाला होतं?

पुढे वर्षभर घरात गाणं नाही. आमच्याकडे दुखवट्यात सणाला गोड करत नाहीत, तर गाणं कुठलं लावणार! मी एकदा म्हटलं, बाबा, हळू आवाजात ऐकू या. तर माझ्यावरच उखडले. "वर्ष होऊ दे. रीत म्हंजे रीत. ते कुठी पळून चालली काय?" पण थांबणं त्यांना जड जात होतं, ते दिसायचं. दिवाळी गेली, होळी गेली. उन्हाळ्यात त्यांनी बाजारातून एक लहानसा स्पीकर आणला आणि खोक्यासकट कपाटात ठेवला. गल्लीतल्या बायकांना, ज्या लहानपणी मायच्या ओट्यावर गायल्या होत्या, त्यांना सांगून आले की वर्षश्राद्ध झालं की कोजागिरीला या, तुमच्या काकूले ऐका.

श्राद्ध झालं. कोजागिरीच्या थोडं आधी मी माहेरी येऊन त्यांचा मोबाइल हातात घेतला, गाणी शोधून ठेवावी म्हणून. फोटो सगळे होते. गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो, गॅसच्या पुस्तकाचा, माझ्या लेकराचा, आणि मायचा नुसता अंगठा आलेले कितीतरी. गाणी नव्हती. मी सगळीकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मग डोक्यात उजेड पडला. वर जात होते ते फक्त फोटो. ते ॲप फोटोंचं होतं, त्याने त्याचं काम केलं. रेकॉर्डरमधलं कोणीच वर पाठवत नव्हतं. गाणी मायच्या मोबाइलच्या पोटात होती, फक्त तिथेच, आणि तो मोबाइल आम्ही धुऊन काढला होता.

मला रडू आलं नाही, संताप आला. दुकानदारावर, त्या क्लाउडवर, बाबांच्या त्या मेल्या साफसफाईवर! वाटीवर जरा डाग राहिला असता तर कोणाचं काय बिघडणार होतं?

दुसऱ्या दिवशी बाबांना काही न सांगता एसटीने वडनेर गाठलं. मावशीने मोबाइल पुढे ठेवला. त्यात तिच्या नातवाची कार्टूनं आणि देवांचे फोटो. "मले तं कोराच आला होता बाई," ती म्हणाली. "भाऊजीनं धुऊनपुसून देल्ला." परत येताना हिंगणघाटला एका रिपेअरवाल्याला विचारलं. रिसेट झालेल्या फोनमधलं येत नाही ताई, त्याने मान हलवत सांगितलं. येणार नाही हे मलाही समजत होतं. तरी विचारलं.

सांगायचं कसं? रोज सकाळी ठरवायची आणि रोज गप्प बसायची. कोजागिरीच्या दुपारी बाबांनी स्पीकर खोक्यातून काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि खिडकीत ठेवला. दूध सांगून आले होते. ओट्यावर सतरंजी टाकून झाली होती.

"लाव ना आता एकखादं," ते म्हणाले. "आवाज पुरते का पाहू."

"बाबा, गाणी नाई राह्यली."

"कायची नाई राह्यली? वर हायेत ना."

"वर फोटो गेले फक्त. गाणी मायच्या फोनमधेच होती. पुसली गेली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्पीकरकडे. "म्या सोता पाह्यलं होतं. तिचं सारंच दिसून राह्यलं होतं," ते म्हणाले. त्यांना पुरतं कळायला वेळ लागला, आणि कळताना मी त्यांचा चेहरा पाहिला, तसा पुन्हा कधी पाहायला लागू नये. ते सतरंजीवर बसले. बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत राहिले, सुरकुत्या नसताना.

"फोटो तं हायेत?"

"हायेत. सगळे हायेत."

"गाताना हाय काय एखादा?"

मी शोधला. होता एक. मीच काढलेला, मागच्या अंगणात, खाटेवर. माय डोळे मिटून बसलेली, हातात मोबाइल तोंडाजवळ धरलेला, तोंड उघडं. बाबांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा लावला आणि तो फोटो बोटांनी मोठा केला, इतका मोठा की फक्त तिचे ओठ राहिले. बाहेर बायका येऊ लागल्या होत्या, चपला काढल्याचा आवाज येत होता.

"यात कोणतं गानं म्हणून राह्यली ते?" त्यांनी मला विचारलं.