लुदिविनानं टोचलेली पोरं

नर्स लुदिविनाचं चित्त काही केल्या थाऱ्यावर नसे. वस्तीत कुणाचं पोर तापलं, की ही रात्रभर जागी. फिलिपिन्सच्या बुलाकान प्रांतातल्या आमच्या शाळेत डेंगूची लस टोचली होती हिनंच, हसतखेळत. पुढं लशीच्या कंपनीनं टोचलेल्या पोरांची वर्षानुवर्षांची माहिती तपासली, तेव्हा कळलं की ज्यांना आधी डेंगू झालेलाच नव्हता, त्यांना लशीनंतर झाला तर तो जास्त जोरानं येऊ शकतो. लस थांबली. पण टोचलेल्यांतली अशी पोरं कोणती? देव जाणे! तेव्हापासून बाई दिसली की लोक दारं लावून घेत.

आणि एका दुपारी शेजारची रोसेंदा आपल्या पायांनी दारात आली.

"लुदीताई, चल. माझी जोवी तीन दिवस तापानं फणफणलीय. शाळेत टोचताना हात तुझा लागला होता तिला, आता उताराही तूच कर."

"अगं, त्याला वर्षं झाली! दवाखान्यात ने तिला."

"आणखी सुया टोचून घ्यायला? थुंकी लावतेस का जाऊ?"

उसोग म्हणतो आम्ही याला. ज्याच्या हातानं, नजरेनं पोर आजारी पडलं, त्यानंच थुंकीचं बोट त्याच्या पोटावर फिरवायचं. लुदिविना जन्मभर या प्रकाराला हसत आलेली. पण नाही म्हटलं, तर ते दार कायमचं बंद. गेली बापडी, फिरवलं बोट. नर्सबाई म्हणे!

संध्याकाळी रोसेंदा हसतच आली. "ताई, ताप उतरला! गुण आहे हो तुझ्या थुंकीला."

डेंगूत ताप उतरतो, तेव्हाच खरा घात होतो. लुदिविना तशीच अनवाणी धावली. जोवीचे हात गार पडलेले, हिरड्यांतून रक्त, पोटाला हात लावला तर किंचाळली.

"उचल हिला. मी रिक्षा थांबवते."

"उतरलाय ना ताप? मग कशाला अभद्र बोलतेस?" रोसेंदा पेज ढवळत म्हणाली.

"माझ्या थुंकीनं काही झालेलं नाही, रोसेंदा!" लुदिविना ओरडलीच. "माझ्या सुईनं झालं असेल. असेल, नसेल, मला माहीत नाही! 'काही होत नाही' म्हणत गावभर फिरले, आणि घरी येऊन अन्न गोड लागलं नाही. शिव्या घाल, झिंज्या उपट माझ्या. पण दवाखान्यात चल!"

रोसेंदानं पेजेचा डाव खाली टाकला, पोरीला उचललं. वाटभर तोंडाचा पट्टा सुरू होता तिचा. लुदिविना पोरीचे हात चोळत राहिली.

सलाइन वेळेवर लागलं, पोर वाचली. "हे लशीमुळंच का हो?" रोसेंदानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही."

रोसेंदा अजूनही लुदिविनाशी धड बोलत नाही. पण परवा धाकट्याला गोवराची लस द्यायची होती, तर वस्तीतल्या इतर नर्सांना सोडून हिच्याच पुढ्यात येऊन बसली.

"टोच," म्हणाली, "पण तुला काय माहीत नाही, ते आधी सांग."

लुदिविनानं सुई खाली ठेवली आणि सांगायला लागली.