आबांची वांगी रेडिओवर

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात तेव्हा रेडिओ केंद्र नव्हतं. आवाज शेजारच्या जिल्ह्यातून यायचा, पण आम्ही तो आपलाच मानला होता. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागला की कुरुंदवाडात आमच्या गल्लीत ज्याच्याकडे सेट असेल त्याच्या कट्ट्यावर माणसं जमायची. आधी हवामान, बाजारभाव आणि मग एखाद्या शेतकऱ्याचं भाषण. नवं बियाणं कसं पेरावं, फवारणी कधी करावी, हे आमच्याकडं पुष्कळसं त्या कट्ट्यावरच शिकलं गेलं.

मी बी.ए. होऊन कोल्हापूर शहरात मंगळवार पेठेत खोली घेतली होती, शाळेत शिकवत होतो. वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, वांग्यांबद्दल मी केंद्राला पत्र लिहिलं आणि चक्क बोलावणं आलं. आबांनी ते साऱ्या गल्लीला सांगून टाकलं.

भाषण आधी लिहून न्यायचं, अशी तिथली रीत. ते मी लिहिलं. घरातला पहिला पदवीधर मी, आणि रेडिओवर भारदस्तच बोलावं लागतं, ही माझी समजूत. 'वांगे हे एक बहुगुणी पीक असून' अशी सुरुवात केली. चौथी शिकलेले आबा आठ दिवस ते घोकत होते.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत लाल दिवा लागला आणि आबा पहिल्याच वाक्याला अडकले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी टोपीनं कपाळ पुसत म्हणाले, "चल, जाऊया. आपलं काम न्हाय हे." त्यांचा चेहरा मला बघवेना.

काचेपलीकडचे कार्यक्रम अधिकारी आत आले. माझे कागद त्यांनी अलगद बाजूला ठेवले.

"मास्तर, लेख छान आहे. मासिकाला पाठवा. वांग्यातलं तुम्हाला काय कळतं?"

"काही नाही," मी म्हणालो.

"उत्तम. मग समोर बसा आणि तुम्हीच विचारा."

मी विचारलं, "आबा, झाडाचा शेंडा वाळलेला दिसला, तर पाणी वाढवायचं का?"

आबा ताडकन म्हणाले, "पंधरा वर्सं शाळेत घातला तुला, आन् वाळका शेंडा बघून पाणी सोडाय निघालास? आरं, आत अळी हाय की! शेंडा खुडायचा. बांधावर टाकायचा न्हाय, पुरायचा. न्हायतर उद्या फळात शिरती."

मग आबा थांबेचनात. शेवटी काचेपलीकडून हात वर झाला.

मला वाटलं, ते रागावणं कापतील. अधिकारी म्हणाले, "तेच तर लोक ऐकतील."

प्रसारणाच्या संध्याकाळी मी कुरुंदवाडाला आलो, तेव्हा कट्टा भरला होता. ते वाक्य आलं आणि हशा उसळला. शेजारचे काका ओरडले, "मास्तर, सोडलं का न्हाय पाणी?" आबा मात्र मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन शेतकरी वाळके शेंडे हातात घेऊन आमच्या दारात उभे होते. आबांनी शेंडा उभा चिरला, अळी दाखवली आणि आत हाक मारली, "मास्तर, बाहेर ये. तूबी बघून घे."

त्या अधिकाऱ्यांना मी पुन्हा कधी भेटलो नाही. पण वर्गात एखादं पोर अडखळलं, की मी त्याच्या हातातलं पुस्तक मिटून बाजूला ठेवतो आणि मला खरंच माहीत नसलेलं काहीतरी त्याला विचारतो.