दोन काजं रिकामी

समस्त गोंडपिपरीकरांना, आसपासच्या ढोरावासरांना आणि जाकीट घालणाऱ्या प्रत्येक सभ्य गृहस्थाला अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, शिंगाची बटणं करणारे कासमभाई मागच्या महिन्यात वारले. यापुढे जनावरांनी बाजारात निर्धास्त फिरावे.

जनावरांना मुद्दाम कळवतो, कारण कासमभाई त्यांच्या डोळ्यांकडे कधी बघतच नसत, बघत ते शिंगांकडे. माझं शिंप्याचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून. ते विस्तवावर शिंग तापवू लागले की जळक्या केसांचा वास माझ्या कोऱ्या कापडात शिरे. मी ओरडलो की म्हणत, "मास्तर, शिंगाचा वास हाय, मुर्द्याचा नाई." शिंगाचं टोक तेवढं भरीव, बटणं त्याचीच होतात, म्हणून जिवंत जनावराचं शिंगही वितीनं मोजायची त्यांना खोड होती. एका बाजाराच्या दिवशी त्यांनी पाटलाच्या रेड्याच्या शिंगाला वीत लावली...

रेड्यानं मान झटकली. शिंग बरगडीखाली घुसलं आणि कासमभाई हवेत! टोपल्या तुडवल्या गेल्या, मिरच्या रक्तात कालवल्या. रेडा त्यांना भिंतीवर आपटत होता, अन् हा माणूस दोन्ही हातांनी त्याच शिंगाला लटकलेला. "सोडा ना हो!" आम्ही ओरडलो. सोडतात कसले! तेवढ्यात त्यांची बायको हमीदाबी मुसळ घेऊन धावली. तिनं रेड्याच्या थोबाडावर हाणलं, पुन्हा हाणलं, पुन्हा... शेवटी ते शिंग आतल्या हाडावरून सोलून निघालं आणि कासमभाईंसकट खाली पडलं. रेडा रक्त गाळत पळाला. मी कोरं मांजरपाट त्यांच्या पोटात कोंबत होतो, ते भिजतच होतं. दवाखान्यात न्यायला बैलबंडीत घालताना त्यांनी डोळे उघडले आणि पाटलाला बजावलं, "दुसरं शिंग कोनाले देऊ नका. मले पायजे." पाटलानं घाबरून मान डोलावली.

जगले. हमीदाबी म्हणे, ते शिंग नदीत फेका. त्यांनी त्याची काळी, तुळतुळीत बटणं केली. "त्यानं माह्या पोटात पाह्यलं, आता मी त्याले पोटावर बांधतो." मी जाकीट शिवलं, काजं सहा. शिंगात बटणं निघाली चारच. खालची दोन काजं तशीच राहिली, दुसऱ्या जनावराचं बटण त्यांना चालेना. त्यानंतर पाटील दिसले की विचारत, "रेडा कसा हाय?" पाटील म्हणत, "तुमच्याहून बरा!"

रेडा बराच निघाला. रेड्याला पुरून उरलेला माणूस साध्या तापानं गेला. कफनाला बटण लागत नाही. जाकीट हमीदाबीनं माझ्याकडे आणून दिलं, ते खुंटीला आहे...

परवा ती दुकानात बसली असताना पाटील आले. रेडा मेला होता. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं शिंग त्यांनी जाकिटाखाली ठेवलं, म्हणाले, "शबद देल्ला होता." हमीदाबीनं शिंग उचललं, त्याच्या टोकाला वीत लावली आणि भडकली,

"आता आनलं? आता बटनं कोन करन, तुमचा रेडा?"