बोडीतले बेडूक आणि सॅनिटायझर

मागच्या रविवारी मी सिहोऱ्याजवळच्या आमच्या शेतात होतो. धानाची रोवणी आटोपली होती. बोडी, म्हणजे शेतातलं आमचं लहान तळं, काठोकाठ भरली होती...

नागपूरच्या कॉलेजातली एक मुलगी दोन वर्षांपासून तिथे येते. बेडकांच्या कातडीवरच्या जिवाणूंचा तिचा अभ्यास आहे. बेडूक धरून द्यायचं काम माझी पत्नी सुनंदा करायची. या फेब्रुवारीत ती गेली... मुलीला ते माहीत नव्हतं.

कळल्यावर ती सामान आवरू लागली. पण तिसऱ्या वर्षाचे दहा नमुने मिळाले नाहीत तर ही बोडी अभ्यासातून बाद होणार होती. सुनंदाची दोन वर्षांची मेहनत वाया गेली असती. मी म्हणालो, मी धरतो.

तिने हातमोजे दिले. मी ते घातले, आणि खिशातलं सॅनिटायझर काढून वरून चोळलं.

"काका, थांबा थांबा! बेडकाला हात नका लावू!"

सुनंदाच्या आजारपणात आठ महिने असंच चाललं होतं. तिच्याजवळ जायचं तर आधी हात... जिवाणू म्हणजे शत्रू, एवढंच डोक्यात बसलेलं.

मुलीने शांतपणे समजावलं. बेडकाच्या ओल्या कातडीवर काही जिवाणू राहतात आणि ते बुरशीचा रोग अडवतात. त्या रोगाने जगात बेडकांच्या कित्येक जाती संपल्या आहेत. सॅनिटायझरने कातडी पोळते आणि हे राखणदारही मरतात. तिने मला नवी जोडी दिली.

पहिले दोन निसटले. बांधावरून शेजारचे मोरेश्वरभाऊ ओरडले, "वहिनी असत्या तं आतापावतो दहा झाले असते न भाऊ! तुम्ही बेडूक धरून राहिले का त्याच्या पाया पडून राहिले?" मलाही हसू आलं... बऱ्याच दिवसांनी.

दुपारपर्यंत दहा झाले. दर वेळी नवे हातमोजे. ती बेडकाच्या पोटावरून कापसाची काडी फिरवायची, मग मी त्याला होता तिथेच सोडायचो.

शेवटी तिने फॉर्म काढला. 'बेडूक कोणी धरला' या रकान्यात मागची दोन वर्षं सुनंदाचं नाव होतं. "काका, यंदाही काकूंचंच लिहू का?" तिने हळूच विचारलं.

क्षणभर वाटलं, लिही म्हणावं... पण नोंद खरी हवी. मी माझं नाव सांगितलं. तिने ते सुनंदाच्या नावाच्या खालच्या ओळीत लिहिलं.

बोडी अभ्यासात राहिली. त्या मुलीचे आभार... सुनंदाचं अर्धवट राहिलेलं एक काम तरी माझ्या हातून पूर्ण झालं.