युनूसभाईंनी न कसलेले दोन बोल्ट

‘ब्रेकचा बादशहा’ असल्या पोस्ट बघून आज सकाळी मला अक्षरशः ओकारी आली.

युनूसभाईंना जाऊन आज वर्ष झालं. द्वारका चौकाजवळच्या त्यांच्या गॅरेजचा फोटो, खाली गुलाब, जोडलेले हात, ‘लेजंड’, ‘मिस यू उस्ताद’.

लिहिणारे सगळे आपल्याच रायडर ग्रुपमधले.

गेल्या वर्षी याच दिवशी, याच ग्रुपवर तुम्ही काय लिहिलं होतं? आठवण करून देतो.

“टेस्ट राइडला गेला आणि ब्रेकच्या कॅलिपरचे बोल्ट कसायलाच विसरला म्हणे.”

“वय झालं होतं यार.”

“नशीब, गिऱ्हाईक नाही मेलं.”

माणूस अजून कब्रस्तानात पोचला नव्हता.

मग एकेकाने गाड्या दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. आता गॅरेज त्यांचा धाकटा भाऊ अय्युब चालवतो. म्हणजे शटर उघडतो आणि बसून राहतो. ‘तिथे बोल्ट कसत नाहीत’ हा तुमचा जोक त्याच्याही कानावर गेलाय.

आणि आज गुलाब टाकताय. थू.

आपल्यातल्या अर्ध्या लोकांना रेडियल ब्रेक म्हणजे सोनेरी रंगाचा कॅलिपर, चाकाची डिस्क चिमटीत पकडणारा ब्रेकचा जबडा, एवढंच कळतं. मलाही तेवढंच कळायचं.

युनूसभाईंनी एकदा चहाचा ट्रे हातात घेऊन दाखवलं होतं.

आधी तो एकाच कडेला धरला. “हा साधा कॅलिपर. दोन्ही बोल्ट एकाच कडेला, आडवे घातलेले. आता ढकल.”

मी ढकलला. ट्रे पिळला.

मग दोन्ही टोकांना धरला. “हा रेडियल. दोन टोकांना दोन बोल्ट, पुढच्या चाकाच्या फोर्कमध्ये सरळ घुसलेले, डिस्कच्या मध्याकडे तोंड करून. आता ढकल.”

हलला नाही.

“म्हणून कितीही जोरात दाबलं तरी कॅलिपर जागचा हलत नाही. पॅड डिस्कवर सपाट बसतात. बोटाने जेवढं सांगशील तेवढंच ऐकतो. समझा? बाकी सोनेरी-बिनेरी सब नखरे.”

मी विचारलं, मोठी डिस्क टाकता येईल का?

“रेडियलमध्ये तर सोप्पं. कॅलिपरखाली स्पेसर, म्हणजे जाड चकती टाकायची, कॅलिपर तेवढा बाहेर सरकतो. पण जेवढा स्पेसर, तेवढा बोल्ट लांब घ्यायचा. लोग यहीं पे मरते हैं.”

मी फक्त ‘सोप्पं’ एवढंच ऐकलं.

त्यांची कामाची पद्धत सगळ्यांनी बघितली आहे. बोल्ट आधी हाताने फिरवायचे, आटे मोठ्याने मोजायचे. “बोल्ट जेवढा जाड, त्याच्या दीडपट तरी आत गेला पाहिजे.” मगच पाना. आणि कसून झाला की बोल्टवर पिवळ्या रंगाची एक रेघ. रेघ नाही म्हणजे त्या बोल्टला युनूसभाईंनी हात लावलेला नाही.

ती गाडी माझी होती हे तुम्हाला माहीतच आहे.

आता जे माहीत नाही ते सांगतो.

मोठी डिस्क मी स्वतः बसवली. रविवारी, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, मोबाईलवर व्हिडिओ लावून. दहा मिलिमीटरचे स्पेसर टाकले आणि बोल्ट जुनेच वापरले. ते जेमतेम चार आटे आत गेले. मी करकचून आवळले. पाना घट्ट लागला, म्हटलं झालं काम.

दोन दिवसांनी ब्रेक मारला की खटखट यायला लागली. घेऊन गेलो युनूसभाईंकडे.

“मोठी डिस्क? किसने बिठाया?”

“कंपनीच्या माणसाने.”

“पक्का?”

“हो भाई.”

खरं सांगितलं असतं तर चार गिऱ्हाइकांसमोर त्यांनी माझी बिनपाण्याने केली असती. तेवढी इज्जत वाचवायला मी खोटं बोललो.

ते गाडी आधी चालवून बघायचे, मग उघडायचे. म्हणून चालवायला घेऊन गेले. टाकळी रोडवर त्यांनी ब्रेक दाबला, ते चार आटे उपटून आले, कॅलिपर चाकात गेला आणि चाक जागीच अडकलं.

मी तिथे पोचलो तेव्हा दोन्ही बोल्ट रस्त्यावर पडलेले होते. एकावरही पिवळी रेघ नव्हती. ती नसणारच हे तिथे फक्त मला माहीत होतं.

पोलिसांनी विचारलं तेव्हा म्हणालो, “गाडी रिपेअरला दिली होती.”

आणि ‘वय झालं होतं यार’ या मेसेजवर पहिला अंगठा कोणाचा होता, वर जाऊन बघा. माझा होता.

चौथ्या दिवशी भेटायला गेलो, तर शकीलाभाभी, युनूसभाईंच्या बायको, माझ्यासमोर हात जोडून म्हणाल्या, “आमच्यामुळे तुमची गाडी खराब झाली, भाऊ. माफ करा.”

मी म्हणालो, “असू द्या, भाभी.”

असू द्या! त्या वाक्याची मला वर्षभर किळस येतेय. तरी ईदला त्यांच्या घरी जाऊन शीरखुर्मा खाऊन आलो.

आज सकाळी भाभींना सगळं सांगितलं. अय्युब दारात उभा होता. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

भाभी म्हणाल्या, “मला कशाला सांगता? मला माहीतच होतं, ते विसरणारे नव्हते. जिथे त्यांचं नाव खराब केलं, तिथे लिहा. आणि परत इथे येऊ नका.”

म्हणून लिहितोय. पोस्ट पब्लिक ठेवली आहे. तो जोक जिथे जिथे फिरला, तिथे तिथे हे टाका. हे लिहून झालं की मी पोलीस स्टेशनला जातोय.

युनूसभाई, तुम्हाला श्रद्धांजली वाहायची माझी लायकी नाही.

तुम्ही काहीही विसरला नव्हता. ते बोल्ट मी कसले होते.